घरच्या घरी घोरपड : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

शेळीपालनावर पत्रक मिळतं, कुक्कुटपालनावर मिळतं, आळिंबीवर तर कृषी प्रदर्शनात एकाच्या दोन प्रती हातात कोंबतात. सरड्याची अंडी उबवायची म्हटलं की मात्र नवशिक्याला कोणी विचारत नाही. ही मार्गदर्शिका त्याच्यासाठी आहे. ती चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरतीच लिहिली आहे. पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींनी इथली मापं तिकडे लावू नयेत. तिकडे मे महिना म्हणजे आंबा. आमच्याकडे मे महिना म्हणजे ४७ अंश, आणि विषय उबवण्याचा असल्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

वाचक कोण धरला आहे, तेही सांगून टाकतो. नुकताच बदलून आलेला तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी. क्वार्टरच्या मागे रान, संध्याकाळी वेळच वेळ, मोबाइलला रेंज नाही. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, कुंपणापाशी सरड्याची मादी पुढच्या पायांनी माती उकरताना दिसते, आणि चहाचा कप हातात असतानाच माणसाच्या मनात येतं की हे आपणही करून पाहावं. सर्पमित्र म्हणून नाव झालेली आणि आता सापाच्या पुढचं काहीतरी हवं असलेली तरुण मुलंही आहेतच. त्यांनी परवान्याचा भाग दोनदा वाचावा.

साहित्य

एक रुंद तोंडाची कुंडी. चाळलेली वाळू आणि माती. वाळू वैनगंगेची असेल तर उत्तम. ती कोणाकडून आणि रात्री किती वाजता आली, हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही. थर्मामीटर, तापाचा नव्हे, भिंतीवरचा. फवारणीची बाटली. शिसपेन्सिल. वही. आणि एक वकील. परदेशी पुस्तकं वर्मिक्युलाइट नावाच्या खनिजाचा हलका, पाणी धरून ठेवणारा चुरा मागतात. तो मिळाला नाही तरी अडत नाही. इथल्या सरड्यांनी तो कधी मागितलेला नाही.

अनुभवाचीही अट नाही, कारण तो समोरच्या पक्षाकडे भरपूर आहे. सिरोंच्याजवळच्या कोटा गावाच्या नावाने जे खडक ओळखले जातात, ते ज्युरासिक काळातले. प्राणहितेच्या पलीकडे, आता तेलंगणात गेलेल्या रेब्बना भागात याच खडकांत सापडलेल्या इवल्याशा जबड्यांचं २००२ साली वर्णन झालं आणि त्या जीवाला भारतअगामा असं नाव मिळालं. तो आजच्या सरड्यांच्या गोतातला असावा, असं वर्णन करणाऱ्यांनी मांडलं. त्यावर शास्त्रज्ञ भांडत राहोत. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की इथल्या मातीत अंडी पुरण्याचा धंदा फार जुना आहे आणि त्यात आपण अगदी परवा आलो.

प्राण्याची निवड

नवशिक्याने पालीपासून सुरुवात करावी. खरं तर ती करून झालेलीच आहे. पाल एका खेपेला बहुधा दोनच अंडी घालते. कवच कडक, चुन्याचं, त्यामुळे त्यांना ओल लागत नाही, माती लागत नाही. आजोबांच्या फोटोमागची फट, मीटरची पेटी, रेशनकार्डं ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू, काहीही चालतं. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं पालीची अंडी यशस्वीपणे उबवत आहात. प्रमाणपत्र तेवढं कोणी दिलेलं नाही. महत्त्वाच्या बोलण्याच्या मध्येच पाल चुकचुकली तर अपशकुन मानायची आपली पद्धत आहे. ती बहुतेक वेळा दुसऱ्या पालीशी बोलत असते, तुमच्या जमिनीच्या व्यवहाराबद्दल तिला मत नसतं.

दुसरी पायरी सरड्याची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण ज्याने केली त्याने सरडा नीट पाहिला असणार. उन्हाळा उतरणीला लागला की नर कुंपणाच्या खांबावर चढतो, डोकं आणि गळा लालभडक करतो, पुढच्या पायांवर जोर काढतो आणि मान हलवतो. पलीकडच्या खांबावर दुसरा नर हेच करत असतो. धाव कुंपणापर्यंतच असते, कारण तिथे त्याची हद्द संपते आणि शेजाऱ्याची सुरू होते. तलाठ्याला यात नवीन काही वाटू नये. तो लाल गळा माद्यांसाठी आणि वैऱ्यांसाठी असतो. दुरून माणसाचं रक्त पितो म्हणून तो लाल होतो, ही समजूत पोरांनी दगड मारण्यासाठी निमित्त म्हणून जपलेली आहे.

मादी पाऊस पडून माती मऊ होण्याची वाट पाहते. भोक उकरते, त्यात दहा-वीस अंडी घालते, माती लोटते, तोंडाने ठोकून ठोकून ती बसवते आणि निघून जाते. मागे वळून पाहत नाही. दीड ते अडीच महिन्यांनी, ऊब कशी मिळाली त्यावर, पिल्लं बाहेर येतात. तुम्ही कुंडीत जे करणार आहात ते एवढंच आहे, फक्त खर्चिक.

तिसरा घोयरा. हा खरा रंग बदलणारा. दोन डोळे दोन दिशांना, जीभ अंगाएवढी, चाल अशी की पाऊल टाकावं की नाही याचा दर वेळी नव्याने विचार करतो. झाडावरून तो सहसा उतरत नाही, पण मादीला अंडी पुरायला जमिनीवर यावंच लागतं. नेमक्या त्या वेळी ती रस्त्यात सापडते आणि लोक तिला मारतात. तो विषारी असतो, ही समजूत गावोगाव पक्की आहे. घोयऱ्याकडे विष नाही, दंश नाही, पळून जाण्याइतका वेगही नाही. हातात काठी घेऊन आलेल्या माणसाला शरीरशास्त्र समजावण्याचा प्रयत्न करू नका. "मोठा साहेब पंचनाम्याले येऊन रायला" एवढं म्हणा. काठी खाली जाते.

घोयऱ्याच्या बंदिस्त प्रजननाचं काम पाहायचं असेल तर ओडिशाकडे वळा. एल. ए. के. सिंह, एल. एन. आचार्ज्यो आणि मगरींचे जाणकार एच. आर. बस्टर्ड यांचा घोयऱ्याच्या प्रजननावरचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९८४ साली आला. आचार्ज्यो नंदनकानन प्राणिसंग्रहालयाचे पशुवैद्य होते. घोयऱ्याबद्दल नुसतं ऐकलेलं नव्हे, पाहिलेलं लिहिणारी माणसं कमी, म्हणून ही नावं लक्षात ठेवा.

चौथी घोरपड. शीर्षकात तिचं नाव पाहून ज्यांनी हे पान उघडलं, त्यांनी पुढचा भाग वाचल्याशिवाय कुदळ उचलू नये.

परवाना

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कायद्याच्या पंगतीत ती वाघाच्या शेजारी बसते. आता व्याख्या वाचा. या कायद्यात प्राणी म्हटलं की त्यात त्याचं पिल्लू आलं, आणि सरपटणाऱ्यांच्या बाबतीत अंडंही आलं. शिकार म्हटलं की त्यात अंड्यांची नासधूस तर आलीच, पण त्यांचं घरटं किंवा अंडी नुसती हलवणं, विस्कटणं हेही आलं. बंदूक लागत नाही. वारुळात हात घालून एक अंडं उचललंत, कुतूहलाने उजेडात धरून पाहिलंत, परत ठेवलंत, की शिकार झाली. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. घोरपडीचं अंडं साडेपाच महिन्यांत फुटू शकतं; तुम्ही सुटायला त्याहून बराच जास्त वेळ लागेल, आणि तुमच्या तापमानाकडे कोणी लक्ष देणार नाही.

कायदेशीर मार्ग आहे. शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी मिळू शकते. त्यांचं कार्यालय नागपूरला. अर्जात संशोधनाचा हेतू लिहावा लागतो. "संध्याकाळी वेळ जात नाही" हा हेतू धरला जात नाही.

नर कोणता, मादी कोणती

जोडी जमवायची तर दोघांत एक नर हवा. सरडा विणीच्या काळात स्वतःहून सांगतो. घोरपड सांगत नाही. वरून नर-मादी जवळजवळ सारखेच. नर थोडा मोठा, एवढंच. फरक शेपटीच्या बुडाशी आत असतो. सरड्यांच्या सगळ्या कुळात, घोरपड धरून, नराला लिंगं दोन असतात, आत दुमडून ठेवलेली. एका वेळी वापरतो एकच. निसर्गाने दुसरं का दिलं यावर विद्वानांनी बरंच लिहिलं आहे. आपण पुढे जाऊ, कारण इथे शास्त्रापेक्षा बाजार मोठा आहे.

यात्रेत, टीव्हीवरच्या जाहिरातीत किंवा मोबाइलवरच्या दुकानात हाथाजोडी विकायला असते. दोन जोडलेल्या हातांसारखी दिसणारी वाळकी काळी मुळी, शेंदरात बुडवलेली, डबीत ठेवलेली. दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून विकतात. तिजोरीत ठेवली तर लक्ष्मी राहते, कोर्टात नेली तर निकाल आपल्या बाजूने. २०१७ साली प्राणिसंरक्षण संस्था आणि संशोधकांनी ही मुळी तपासून चारचौघांत उघड केलं की ती घोरपडीच्या नराची वाळवलेली लिंगं आहेत. मग धाडी पडल्या, ऑनलाइन दुकानांना ती यादीतून काढावी लागली. म्हणजे ज्या गृहस्थाने पंचवीस वर्षं दर शुक्रवारी तिजोरी उघडून तिच्यापुढे उदबत्ती ओवाळली, त्याने नेमकी कशाची पूजा केली, हे त्याला समजावून सांगायची जबाबदारी नातवावर येऊन पडली आहे. नातवाने ते पत्राने कळवावं.

नवशिक्यासाठी सूचना एवढीच: घोरपडीत नर-मादी ओळखण्यासाठी शेपटी उलटी करून दाबून पाहायची जी रीत जाणकार वापरतात, ती करू नका. घोरपडीचे दात आत वळलेले असतात आणि पकड सोडण्याची तिला घाई नसते. आपली भाषा चिकट माणसाला घोरपड उगाच म्हणत नाही.

त्या पकडीवरून सिंहगड आठवणारच, तर तोही हिशेब करून टाकू. कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, माघातली रात्र. घोरपड दिवसाचा प्राणी. अंगाची ऊब उन्हातून घेते. माघातल्या रात्री ती बिळात निपचित पडलेली असते. यशवंती या घोरपडीला दोर बांधून कडा चढवायचा होता तर मोहीम वैशाखात, दुपारी बाराला काढावी लागली असती, आणि मग किल्लेदार उदेभानही जागा असता. गोष्ट गोड आहे, ती तशीच राहू द्यावी. फक्त तुमच्या बंदिस्त घोरपडीकडून थंडीत कसलीच अपेक्षा ठेवू नका, प्रजननाची तर नाहीच.

मादीची सोय

इथे नवशिके पडतात. जोडी जमते, मादीचं पोट टरटरतं, आणि अंडी काही येत नाहीत. आठवडा जातो, दोन जातात. शेजारी सांगतो, "पोट दाबून पाहा जी." पाहू नका.

यावरचं चांगलं काम शेजारच्या राज्यातच झालेलं आहे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात. सैदापूर, शानभाग, रड्डर या मंडळींनी आपल्या बागेतला साधा सरडाच प्रयोगशाळेत सांभाळून त्याच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: अंडी तयार झालेल्या मादीला पिंजऱ्यात ठेवलं आणि पुरायला योग्य ओली जागाच दिली नाही, तर ती अंडी घालत नाही. पोटातच धरून ठेवते. आणि ती नुसती थांबत नाही. आतल्या गर्भाची वाढही एका टप्प्यावर येऊन थांबते. १९९८ साली त्यांनी याची नोंद छापली. पुढे २००३ मध्ये दाखवलं की शरीराचं तापमान उतरवून ठेवलं तर हा मुक्काम आणखी लांबवता येतो आणि गर्भ आत जणू झोपून राहतो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बोटभर डोक्याचा प्राणी, मेंदू वाटाण्याहून लहान, आणि माती पसंत पडली नाही म्हणून तो संपूर्ण पिढीला आत थोपवून धरतो. आपल्याकडे पाऊस लांबला की धानाचं रोवणं थांबतं, आणि माणसं आभाळाकडे पाहत बांधावर बसून राहतात. सरडीही तेच करते, पण तिला विम्याचा फॉर्म भरावा लागत नाही.

तेव्हा तिला वीतभर खोल, हाताने दाबली तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही अशी माती द्या. भुरभुरीत नको, चिखल नको. तुम्ही दिलेली माती तिला आवडली की नाही हे तीच ठरवणार. ती जर सारखी कोपऱ्यात भिंत खरवडत असेल तर उत्तर मिळालेलं आहे: दार उघडा. बाहेर तिला आवडणारी माती आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांत ती मुबलक आहे.

अंडं उचलताना

कोंबडीवर शिकलेल्यांनी इथे सगळं विसरायचं. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटते, हॅचरीत यंत्र उलटतं, न उलटली तर पिल्लू कवचाला चिकटतं. सरड्याचं उलट आहे. कोंबडीच्या अंड्यात बलक मध्यावर धरून ठेवणारे जे पीळदार धागे असतात ते इथे नसतात. अंडं घातल्यानंतर थोड्याच वेळात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून धरून राहतो. त्यानंतर अंडं फिरवलंत तर तो बलकाखाली दाबला जाऊ शकतो आणि मरू शकतो. म्हणून पेन्सिल. अंडं ज्या बाजूने वर आहे तिथे हलकी खूण करायची आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवायची. पेन चालत नाही, स्केचपेन तर नाहीच, कारण सरड्याचं कवच कातड्यासारखं मऊ असतं आणि शाई आरपार घेतं.

घेतं म्हणजे पाणीही घेतं. कोंबडीचं अंडं उबताना हलकं होत जातं. सरड्याचं अंडं मातीतली ओल ओढून फुगतं, वजनाने वाढतं. त्याला खळगा पडला तर तहान लागली आहे. त्यावर बुरशी आली तर तुम्ही जास्त माया केली आहे. या दोन टोकांच्या मधे ठेवण्याची कला पुस्तकातून येत नाही. ती वारुळाला येते.

ऊब

साधारण २८ ते ३० अंश धरून चाला. पुस्तकात हीटिंग पॅड आणि बल्ब लिहिलेला असतो. तो पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशाचा दोष. चंद्रपुरात उन्हाळ्यात अंडं उबवायला हीटर लागत नाही, कूलर लागतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं अंडं उबत नाही, शिजतं. सरडा शहाणा म्हणून पावसाची वाट पाहतो.

पाऊस सुरू झाला की वीज जाते. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, राखही आमच्याच वाट्याला येते, आणि तरी भामरागडच्या बाजूला संध्याकाळी इनक्युबेटरचा दिवा विझला की तो कधी लागेल हे कोणी सांगू शकत नाही. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की दिवा लावायला माणूसही येऊ शकत नाही. इन्व्हर्टर घ्या, किंवा आधीच्या भागातल्या वारुळाचा पुन्हा विचार करा.

तापमान चुकलं तर अंडी मरतातच असं नाही. काही वेळा वेगळंच होतं. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली आपल्या याच सरड्याबद्दल मांडलं की पिल्लू नर होणार की मादी हे उबेवर ठरत असावं, आणि तेही सरळ रेषेत नाही. गारव्यात माद्या, थोडी ऊब वाढली की नर, आणखी वाढली की पुन्हा माद्या, त्याहून वर पुन्हा नर. म्हणजे खुंटी फिरवत गेलात तर तीन वेळा निकाल बदलतो. मुलगाच हवा म्हणून वैद्याकडे जाणाऱ्या कुटुंबाला ही माहिती देऊ नये. तुमच्या कुंडीतला निकाल वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली यावर लागेल. वहीत त्या वेळा लिहून ठेवा, संशोधन झालं.

वाट पाहणे

घोरपडीपर्यंत जो आला त्याच्यासाठी हा भाग. फ्लोरिडाचे वॉल्टर ऑफेनबर्ग, कोमोडो बेटावर कुटुंब घेऊन राहिलेले आणि तिथल्या महाकाय घोरपडींवर लिहिणारे, त्यांनी पुढे आपल्या घोरपडीवरही कित्येक वर्षं खर्च केली आणि १९९४ साली तिच्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. घोरपडीवर एवढं मोठं पुस्तक लिहायला अमेरिकेतून माणूस यावा लागला, यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही; आपण तिच्यावरून आडनाव ठेवून मोकळे झालो होतो.

घोरपडीची मादी पावसाळ्यात, साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत, सपाट जमिनीत, बांधाच्या उतारात किंवा वारुळात बीळ खणते. वीसेक अंडी घालते, कधी कमी, कधी तीसच्या आसपास. माती लोटते, तोंडाने ठोकते. आणि मग आजूबाजूला आणखी खोटी भोकं उकरून ठेवते, म्हणजे मुंगूस आणि कोल्हा आधी तिथे घाम गाळतील. हे झालं की ती जाते. अंडी साडेपाच ते साडेआठ महिने तिथेच.

साडेआठ महिने! कोंबडी एकवीस दिवसांत उरकते. या काळात तुमच्या कुंडीतल्या अंड्यावरून पावसाळा जाईल, दिवाळी जाईल, थंडी जाईल, बदलीची ऑर्डर येईल. रानातल्या अंड्यावरून मोहफुलांचा हंगाम जातो. मोहाखालची जमीन साफ दिसावी म्हणून लोक पाला पेटवतात, रात्री डोंगरावर आगीच्या रेघा दिसतात. वर राख, खाली अंडी. माती वाईट वाहक आहे, हा शाळेतला धडा इथे कामी येतो.

वारूळ हा या दोन्ही जिल्ह्यांतला सगळ्यात चांगला इनक्युबेटर. वाळव्या आतली हवा दमट ठेवतात, ऊब फारशी वरखाली होऊ देत नाहीत. भोक पडलं तर स्वतःहून बुजवतात, म्हणजे कुलूपही आपोआप लागतं. ऑस्ट्रेलियात लेस मॉनिटर नावाची मोठी घोरपड वारुळातच अंडी घालते आणि पिल्लं निघायच्या सुमारास मादी परत येऊन ते फोडते, असं पाहिलं गेलं आहे. वाळवीचं सिमेंट फोडणं पिल्लांच्या आवाक्यातलं नाही. आपल्या घोरपडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

नागपंचमीला बायका वारुळाला दूध, लाह्या घालतात; त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, चिरायचंही नाही. सापाच्या भीतीने पाळला जाणारा हा नियम नेमका घोरपडीच्या अंडी घालण्याच्या हंगामात येतो. दूध नागाला पचत नाही, अंड्यांनाही लागत नाही. कुदळ खाली ठेवली, हाच नैवेद्य पोचतो. अस्वल मात्र पंचमी पाळत नाही. त्याला वारूळ दिसलं की नखं लागतात, आणि त्याच्यावर कोणतंच कलम लावता येत नाही.

नर मिळालाच नाही तर? निराश होऊ नका. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाची कोमोडो ड्रॅगन होती, घोरपडीचीच थोरली बहीण. तिने नराचं तोंडही न पाहता अंडी घातली आणि त्यांत गर्भ वाढत असल्याचं २००६ साली जाहीर झालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही तसंच घडलं. आपल्याकडे अशी गोष्ट सांगायची तर पुराण उघडावं लागतं. तिथे त्यांनी नेचर नियतकालिक उघडलं.

पिल्लं

पिल्लाच्या तोंडाच्या टोकाला अंडं चिरण्यापुरता एक दात असतो. पालीच्या पिल्लाला दोन. काम झालं की तो गळून जातो. चिरलेल्या अंड्यातून डोकं बाहेर काढून पिल्लू बराच वेळ तसंच बसतं, उरलेला बलक पोटात ओढून घेत. नवशिका नेमका या क्षणी चिमटा घेऊन मदतीला धावतो. चिमटा टेबलावर ठेवा. टेबल दुसऱ्या खोलीत ठेवा.

बाहेर आल्यावर पिल्लू तुमच्याकडे पाहणार नाही. आईकडेही पाहणार नाही, कारण ती कधीच गेली. ते पहिल्या दिवसापासून पूर्ण सरडा असतं, फक्त आखूड.

शंकासमाधान

अंडी कोंबडीखाली ठेवली तर चालतील का?
कोंबडी खुडूक असेल तर बसेल. पिल्लं निघाली तर ती खाईलही. एकाच पक्ष्याकडून दाई आणि सासू दोन्ही कामं करून घेऊ नका.

हेमलकशाला प्रकाश आमटेंकडे जंगली जनावरं असतात, मग मी का नाही?
तिथे शिकारीत आई मेलेली पोरकी जनावरं येऊन मोठी झाली. सुरुवातच माकडाच्या एका पिल्लाने झाली. तेही परवानगीच्या चौकटीत. तुम्ही जिवंत आईच्या बिळातून अंडं काढून आणणार. तुमचा अनाथाश्रम अनाथ तयार करण्यापासून सुरू होतो.

घोरपडीचं तेल सांधेदुखीवर चालतं म्हणतात.
ते विकणाऱ्याचे गुडघे पाहा.

जेसीबीने बांध पाडताना अंडी उघडी पडली. आता?
वरची बाजू वरच राहू द्या, ओल्या मातीने झाका, जेसीबी थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंडी कोणाची आहेत हे ओळखण्याच्या भानगडीत पडू नका; नागाची असली तरी फोन तोच आहे.

मी क्वार्टरच्या मागच्या बाजूला कुंडी ठेवली, वाळू भरली, पाणी मारलं. त्यात आपोआप अंडी आली. माझं काय चुकलं?
काही नाही. पाणी मारणं बंद करू नका, कुंडी हलवू नका, आणि बदली झाली तर पुढच्या माणसाला चार्ज देताना यादीत तिची नोंद करा: कुंडी एक, मातीसह, न हलवण्याची.